तांब्याभर पाण्यावरची फुलं



आम्ही मोताळा तालुक्यातल्या एका लहान गावातल्या बारा जणी. आमचा बचत गट आहे. रेडिओवर आलो म्हणजे आम्ही पापड-शेवयांचं नाहीतर कर्जाच्या हप्त्याचं बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज आम्ही अंगणातल्या एका फुलझाडाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. या झाडानं आम्हाला फुलं दिली आणि एकदा चांगला धडाही दिला. दोन्ही गोष्टी सांगतो.

आपल्या भागात फुलझाडाची हौस कशी असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मृगाचा पाऊस पडला की आपण गुलाबाची काडी रोवतो, मोगरा लावतो, शेजारणीकडून जास्वंदाची फांदी आणतो. दिवाळीपर्यंत अंगण हिरवंगार असतं. होळी झाली की विहिरीनं तळ गाठायला सुरुवात होते. नळ आठ-आठ दिवसांनी येतो, कुठं टँकर लागतो. डोक्यावरून आणलेली घागर माठात रिकामी करायची की मोगऱ्याला घालायची? मोगऱ्याला तांब्याभर घातलं की घरातून आवाज येतो, "माणसाले प्यायले पाणी नाही, अन् हे झाडाले ओतून राह्यली!" आणि खरं सांगायचं तर बोलणारी सासूबाई चुकीची नसते. तिनं १९७२ चा दुष्काळ पाहिलेला असतो. त्यामुळं व्हायचं काय, दर मृगाला आम्ही नव्यानं झाडं लावायचो आणि दर चैत्रात वाळलेल्या काड्या उपटायचो.

मग आमच्यातली एक जण माहेरी गेली, घाटावर, चिखलीकडं. मे महिना होता. तिच्या भावाच्या घराच्या ओट्यावर फुटक्या माठात एक काटेरी झाड होतं आणि त्यावर लाल फुलांचे झुपके होते. भावजय म्हणाली, "याले कोण पाणी घालतं? आठवण आली तर घालतो." येताना तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून चार काड्या आणल्या. आमची सुरुवात तिथून झाली.

रोपवाटिकेत या झाडाला युफोर्बिया म्हणतात. काही जण काटेरी मुकुट म्हणतात. हे मूळचं आपल्याकडचं नाही. आफ्रिकेच्या शेजारी समुद्रात मादागास्कर नावाचं मोठं बेट आहे, तिथलं हे झाड. मिलियस नावाच्या एका गव्हर्नरानं १८२१ मध्ये ते फ्रान्सला नेलं, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचं नाव युफोर्बिया मिली असं ठेवलं. आज ते जगभर बागांमध्ये लावलं जातं.

पण त्याचे भाऊबंद मात्र आपल्या पूर्ण ओळखीचे आहेत. धुऱ्यावर कुंपणाला लावतात तो शेर, ज्याला पानं जवळपास नसतातच, नुसत्या हिरव्या कांड्या असतात, तो याच कुळातला. डोंगरउतारावर खडकात उभा असलेला जाड खोडाचा निवडुंग याच कुळातला. पावसाळ्यात वावरात तणासारखी उगवणारी नायटी, जिला काही जणी दुधी म्हणतात, तीसुद्धा. नाताळाच्या सुमाराला शहरात कुंड्यांमधून लाल पानांचं पॉइन्सेटिया विकायला येतं, तेही यांचंच. जगात या कुळाच्या सुमारे दोन हजार जाती आहेत. या सगळ्यांची एक खूण आहे. काडी मोडली की पांढरा दुधासारखा चीक येतो. फड्या निवडुंगाला, म्हणजे पंजासारख्या चपट्या पानाच्या निवडुंगाला, असा दुधाळ चीक येत नाही. तो काटेरी असला तरी वेगळ्या कुळातला आहे. ही चिकाची खूण नीट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता हे झाड कमी पाण्यावर जगतं कसं? त्याचं खोड मांसल असतं. पावसाळ्यात मिळालेलं पाणी ते खोडात धरून ठेवतं. पानं पातळ असतात आणि पानांतूनच पाणी उडून जातं. म्हणून पाण्याची ओढ बसली की झाड स्वतःच पानं गाळतं. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या झाडांची पानं गळाली तेव्हा आम्हाला वाटलं, मेलं. दोघींनी तर उपटायला हात घातला. पण खोड दाबून पाहिलं तर घट्ट, हिरवं. पाणी दिल्यावर थोड्या दिवसांत नवी पानं फुटली. तेव्हा लक्षात ठेवा, पानं गळाली आणि खोड घट्ट असेल तर झाड जिवंत आहे. खोड मऊ पडलं, दाबल्यावर पिचलं, तर मुळं कुजली आहेत.

आणि फुलं? आपल्याला जे लाल, गुलाबी, पिवळं दिसतं त्या खऱ्या पाकळ्या नाहीतच. ती रंगीत पानं आहेत, दोन-दोनच्या जोडीनं येणारी. खरं फूल मधल्या बारीक ठिपक्यात असतं. म्हणून तर मोगऱ्यासारखं ते लगेच कोमेजत नाही. एकेक झुपका कित्येक दिवस तसाच टिकतो.

आता लावायचं कसं, ते सांगतो. वही-पेन घेऊन बसला असाल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट ऊन. जिथं दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन लागतं ती जागा निवडा. सावलीत हे झाड जगतं, पण लांबट, बारीक होतं आणि फुलत नाही. मात्र रोपवाटिकेतून सावलीत वाढलेलं रोप आणलं असेल तर एकदम एप्रिलच्या उन्हात ठेवू नका. आठ-दहा दिवस सकाळचं ऊन द्या, मग पूर्ण उन्हात न्या. नाहीतर पानं आणि खोड करपतं.

दुसरी गोष्ट माती. इथं आमची पहिली चूक झाली. आपली काळी माती कपाशीला, सोयाबीनला चांगली, पण ती पाणी धरून ठेवते. आम्ही नुसती काळी माती भरली आणि श्रावणाच्या झडीत निम्मी रोपं कुजली. आता आम्ही असं मिश्रण करतो: दोन घमेली बारीक मुरूम आणि वाळू मिळून, एक घमेलं माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत. भांड्याच्या बुडाला भोक हवंच. भोकावर खापराचा तुकडा उपडा ठेवायचा, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. भांडं विकत घ्यायची गरज नाही. फुटका माठ, तेलाचा डबा, गळकं घमेलं, जुनी बादली, काहीही चालतं. जमिनीत लावायचं असेल तर वीतभर उंच वाफा करा, त्यात मुरूम मिसळा आणि पागोळीचं पाणी थेट अंगावर पडेल अशा ठिकाणी लावू नका.

तिसरी गोष्ट काडी. वीतभर लांबीची, टणक, निरोगी काडी घ्यायची. कापल्यावर चीक वाहतो. कापलेलं टोक पाण्यात बुडवलं की चीक थांबतो. मग ती काडी लगेच लावायची नाही. सावलीत पाच-सात दिवस तशीच ठेवायची. कापलेली जागा सुकून खपली धरते. ओल्या जखमेनं लावलेली काडी कुजते. खपली धरली की किंचित ओलसर वाळूत दोन बोटं खोल रोवायची. पाणी अगदी बेतानं. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. आमच्या अनुभवानं फेब्रुवारी-मार्च, नाहीतर पावसाळा सरल्यावरचा ऑक्टोबर, हे दिवस चांगले. झडीच्या दिवसांत काड्या लावायच्या नाहीत.

चौथी गोष्ट पाणी. बोट मातीत घालून पाहायचं. दोन पेरं खोल कोरडं लागलं तरच पाणी. उन्हाळ्यात आम्ही एका कुंडीला आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाणी देतो. हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी एकदा. पावसाळ्यात काहीच नाही, उलट सलग झड असली तर कुंड्या पत्र्याखाली सरकवतो. हिशेब करून पाहा. आमचा तांब्या साधारण लिटरभराचा. दहा कुंड्यांना आठवड्याला वीस तांबे, म्हणजे दीड घागरीच्या आसपास. तेवढेच मोगरे-गुलाब कुंडीत असते तर मे महिन्यात रोजचे दहा तांबे, आठवड्याचे सत्तर. शिवाय हे वीस तांबेसुद्धा आम्ही पिण्याच्या पाण्यातून काढत नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवतो, तेच घालतो. साबणाचं पाणी मात्र घालत नाही.

घाटाखाली खारपाण पट्ट्यातल्या, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या मैत्रिणी म्हणतील, आमच्या विहिरीचं पाणीच खारं. त्यांना सांगणं असं, की नाजूक फुलझाडांपेक्षा हे झाड थोडा खारटपणा सोसतं. तरी कुंडीच्या मातीवर पांढरा थर दिसू लागला तर वरची माती खरवडून नवी घाला, आणि पावसाच्या पहिल्या एक-दोन चांगल्या सरी कुंडीला मिळू द्या, म्हणजे क्षार धुऊन जातील.

खताचं म्हणाल तर वर्षातून दोनदा मूठभर शेणखत पुरे. पावसाळा संपला की एकदा आणि फेब्रुवारीत एकदा. युरिया घातला तर पानं माजतात, फुलं कमी येतात. झाड बुटकं, भरदार राहावं म्हणून वर्षातून एकदा शेंडे खुडायचे. ज्यांना आटोपशीर झाड हवं त्यांनी रोपवाटिकेत बुटकी जात मागावी. जुनी साधी जात कमरेइतकी उंच जाते. कधी खोडाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसतो. फांद्या कमी असतील तर काडीला ओला बोळा बांधून पुसून काढा, जास्त असेल तर निंबोळी अर्क फवारा.

आता धड्याची गोष्ट.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडे पुष्कळ झाडं झाली. एप्रिलची दुपार होती. चौघी जणी एका ओट्यावर शेंडे खुडत बसलो होतो. बोलण्यात रंगलो होतो. आमच्यातल्या एका ताईनं कपाळाचा घाम मनगटानं पुसला. मनगटाला चीक लागलेला होता, तो घामाबरोबर डोळ्यात उतरला. क्षणभरानं ती किंचाळली. डोळ्यात तिखट नाही, निखारा गेल्यासारखं वाटतंय म्हणाली. डोळा उघडेना.

मग जे होतं तेच झालं. एक म्हणाली, गुलाबपाणी आणा. दुसरी म्हणाली, तूप लावा. तिसरी बाळंतिणीकडं पळायला निघाली, अंगावरचं दूध आणायला. लहानपणापासून आपण हेच पाहिलेलं. तेवढ्यात गटातली एक जण, जी आशा ताईंबरोबर फिरलेली आहे, ती ओरडली, "काही घालू नका, पाणी आणा, नुसतं पाणी!"

घरात पाणी किती होतं? दोन घागरी. संध्याकाळचा स्वयंपाक, पिणं, सगळं त्यातच. टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता. ज्या घरातली ती घागर होती त्या सासूबाई, त्याच, ज्या झाडाला पाणी घातलं की बोलायच्या, त्यांनी स्वतः घागर उचलून आणली. ताईला आडवं केलं, मान बाधित डोळ्याच्या बाजूला वळवली, म्हणजे धुतलेलं पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. दोघींनी पापण्या उघड्या धरल्या आणि एकीनं तांब्यानं बारीक धार धरली. पंधरा-वीस मिनिटं. एक घागर संपली, दुसरी निम्मी झाली. मग तिला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळा तपासला, औषधाचे थेंब दिले, पट्टी बांधली. ते म्हणाले, "लगेच पाण्यानं धुतलंत हे फार बरं केलंत. तूप-दूध घातलं असतं तर त्रास वाढला असता." आठवडाभर तिला उजेड सहन होत नव्हता. मग डोळा बरा झाला. आज ती आमच्याबरोबर इथंच बसली आहे आणि मान हलवते आहे.

त्या रात्री आम्ही शेजारून पाणी मागून स्वयंपाक केला. कमी पाण्याचं झाड म्हणून आम्ही ज्याचं कौतुक करत होतो, त्यानंच आमची शेवटची दीड घागर घेतली. पण सासूबाई म्हणाल्या, "पाणी उद्या येईन, डोया येत नाही." डोया म्हणजे डोळा, आपल्या वऱ्हाडी बोलीत. त्या दिवसापासून गटात काही नियम झाले. ते आम्ही रोप देताना प्रत्येकीला तोंडी सांगतो. ऐका.

एक: या झाडाला कापायचं, खुडायचं असेल तर हातमोजे घाला. नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या हातावर बांधा. काम करताना तोंडाला, डोळ्याला हात लावू नका, पदरानं तोंड पुसू नका.

दोन: कापायला बसण्याआधी शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली ठेवा. पाणी नसेल त्या दिवशी कापू नका.

तीन: कातडीला चीक लागला तर साबणानं धुवा. डोळ्यात गेला तर लगेच स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं जा. दुसरं काहीही डोळ्यात घालायचं नाही. थोडं बरं वाटलं म्हणून घरी थांबायचं नाही, कारण चिकाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

चार: लहान मुलं रांगतात तिथं, अंगणवाडीच्या दारात, गुरांच्या गव्हाणीजवळ हे झाड ठेवू नका. कापलेल्या काड्या चाऱ्यात जाऊ देऊ नका, चुलीत जाळू नका, त्याचा धूरही डोळ्याला झोंबतो. खड्ड्यात पुरा.

पाच: दातदुखी, मूळव्याध, खरूज यांवर शेराचा नाहीतर निवडुंगाचा चीक लावायचा सल्ला कोणी देत असेल तर ऐकू नका. तोच चीक डोळा जाळतो, कातडी सोलतो. हे नियम धुऱ्यावरच्या शेरालाही तेवढेच लागू. शेर तोडताना डोळे गमावण्याची पाळी कोणावर येऊ नये.

काही जणी विचारतील, एवढा धोका आहे तर लावायचं कशाला? आम्हीही त्यावर बैठकीत बोललो. काहींचं म्हणणं होतं, सगळी उपटून टाका. एका आजींचं म्हणणं वेगळंच होतं, "दारात काटं लावलं तं घरात भांडणं होतात माय." आम्ही त्यांना म्हटलं, आजी, आमच्या घरात भांडणं या झाडाच्या आधीपासून आहेत! सगळ्या हसल्या. मग विचार केला. विळा हातात घेतो, चुलीशी बसतो, फवारणीच्या दिवसांत शेतात राबतो. धोका ओळखून काम करायची आपल्याला सवय आहे. झाड दोषी नव्हतं, आम्हाला त्याची माहिती नव्हती. म्हणून झाडं ठेवली, आणि माहितीही सोबत द्यायची असं ठरवलं. ज्यांच्या घरी दोन-तीन वर्षांची पोरं आहेत त्या दोघींनी आपल्या कुंड्या दुसऱ्यांकडं दिल्या. पोरं मोठी झाली की परत घेतील.

आता आमच्या बाराही घरांची उन्हाळ्यातली अंगणं उघडी-बोडकी नसतात. बकऱ्या या झाडाला तोंड लावत नाहीत, त्यामुळं कुंपणाचा खर्च नाही. जादा झालेली रोपं आम्ही बाजारच्या दिवशी विकतो. त्यातून फार मोठा पैसा येतो असं सांगणार नाही. गटाच्या बैठकीचा चहा आणि एखाद्या पोरीच्या वह्या निघतात. पण रोपाबरोबर प्रत्येक गिऱ्हाइकाला चिकाचा नियम सांगतो. न सांगता रोप विकायचं नाही, हा ठरावच आहे आमचा.

आणि त्या सासूबाई? आता त्याच भाजी धुतलेलं पाणी बाजूला काढून ठेवतात. परवा त्यांची सून पाणी फेकायला निघाली तर म्हणाल्या, "थांब वं, काट्याचं झाड उपाशी आहे."

मैत्रिणींनो, तुमच्याही दारात ऊन भरपूर आणि पाणी कमी असेल. तर येत्या ऑक्टोबरात कोणाकडून तरी चार काड्या मागून आणा. सावलीत सुकवा, मुरमाच्या मातीत रोवा. आणि काडी कापताना शेजारी पाण्याची बादली ठेवायला विसरू नका.